हाताने सांगायचा हत्ती

माझ्या आवाजाबद्दल उदगीरमध्ये दोन मतं नाहीत. तो मोठा आहे हे सगळ्यांना मान्य आहे आणि तो गोड आहे हे मला मान्य आहे. एकतीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवली. माझा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर हजेरी घेऊन नुसते बसून राहायचे, कारण तिकडच्या पोरांनाही मराठीच ऐकू जायची. निवृत्तीनंतर मी कथाकथनाकडे वळलो. गणेशोत्सव, बसव जयंती, शाळांची गॅदरिंगं, एकदा तर पतसंस्थेची वार्षिक सभा. जिथे माइक तिथे मी. आणि अशा माणसाची नात मंजुश्री, वय वर्षे सात, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आमचे शेजारी गुरुबसप्पा अण्णा, ज्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आहे आणि जिभेला हाड नाही, ते एकदा म्हणाले, "मास्तर, लेकरानं मागच्या जन्मी काय पुण्य केलं आसंल वो." मी त्यांच्याशी चार दिवस बोललो नाही. ते चार दिवस फार सुखात गेले असं ते मोंढाभर सांगत होते.

मंजू लातूरच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकते आणि आईबापाजवळ तिथेच राहते. यंदा मे महिन्यात ती सुट्टीला आमच्याकडे आली, तेव्हा मी ठरवलंच होतं की नातीला आपली एक तरी गोष्ट सांगायची. पहिल्याच सकाळी तिला झोपाळ्यावर बसवलं आणि माझी गाजलेली गोष्ट सुरू केली: उदगीरच्या किल्ल्याच्या दरवाजात अडकलेला हत्ती. (इतिहासात असा हत्ती नाही, तो मी रचलेला आहे. एका प्राध्यापकांनी एकदा पुरावा मागितला होता. त्यांना मी चहा पाजला.) मी आवाज चढवला, उतरवला, कापरा केला. मंजूनं थोडा वेळ माझ्या हलणाऱ्या तोंडाकडे पाहिलं, समजूत घातल्यासारखी माझ्या गालावर थाप मारली आणि डोळे मिटून घेतले.

ऐकायचं नसलं की माणूस जांभई देतो, उठून जातो, मोबाइल काढतो. वक्त्याला हे सगळं पचवता येतं. पण मंजूनं डोळे मिटले की तिच्यापुरता मी जगातच उरत नव्हतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको दानम्मा आली. दोन्ही हात ज्वारीच्या पिठानं भरलेले. तिनं कोपरानं मंजूला हलवलं, हवेत हातानं काहीतरी केलं, गाल फुगवले आणि जागच्या जागी एक उडी मारली. मंजू हसता हसता झोपाळ्यावरून खाली घसरली.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय न्हाई वो. काल दूध उतू गेलं, ते सांगितलं."

एकतीस वर्षांची नोकरी, दोनशेच्या वर कार्यक्रम, आणि माझा हत्ती उतू गेलेल्या दुधापुढे पडला.

याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी खोलीत शिरलो की मंजू आजीकडे बघून चार बोटं आणि अंगठा चोचीसारखे उघडमीट करते. पोरीला बदकं आवडतात, असं मी समजलो. बाजारातून एक पिवळं रबरी बदक आणलं. तिनं बदकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आजीच्या पदरात तोंड खुपसून हसली. एवढा आनंद झाला म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी आणखी मोठं बदक आणलं.

आठवड्याभरानं शाळेचा निरोप आला. जूनच्या मध्यात, शाळा उघडायच्या आदल्या रविवारी लातूरला कार्यक्रम. प्रत्येक मुलानं घरातल्या एका माणसाबरोबर मंचावर यायचं आणि दोघांनी मिळून हाताच्या भाषेत एक गोष्ट किंवा कविता सांगायची. गोष्टी-कवितांतून घरच्यांचा या भाषेचा सराव व्हावा हा हेतू. त्यासाठी उदगीरलाही दर रविवारी मोफत वर्ग ठेवला होता. निरोपाखाली एक चौकट होती, त्यात मुलानं आपल्या जोडीदाराचं चित्र काढायचं होतं. मंजूनं काढलं. मी चष्मा लावून पाहिलं. चित्रातल्या माणसाला अंबाडा होता.

"मी न्हाई जायची," दानम्मा म्हणाली. "स्टेजवर माझे पाय लटलट कापतेत."

मग आजी-नातीची पाच मिनिटं हातानं बोलणी झाली. (दानम्मा ही भाषा प्रत्येक सुट्टीत नातीकडूनच थोडी थोडी उचलत आली होती.) विषय काय चाललाय हे मला कळत नव्हतं, पण विषय मी आहे एवढं कळत होतं. शेवटी दानम्मानं निकाल सांगितला. "ती म्हणती, अज्जानं आदी मला एक अख्खी गोष्ट सांगावी. डोळे मिटावं वाटलं न्हाई तर अज्जासंगं स्टेजवर येती. वाटलं तर एकटीच जाती."

सात वर्षांच्या परीक्षकापुढे साठी उलटलेला उमेदवार. मी अट मान्य केली, कारण नाकारायची तर ती भाषा मला येत नव्हती.

वर्गात नाव घालायचं तर ऑनलाइन फॉर्म होता आणि त्यात 'प्रमाणपत्र क्रमांक' या रकान्यापुढे लाल चांदणी होती. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. मी ज्या कार्यालयाकडे ही नोंदणी होती तिथे गेलो. तिथे अंगद नावाचे एक सज्जन बाबू होते.

"तुमचं ऐकू न येण्याचं सर्टिफिकेट?" त्यांनी विचारलं.

"मला ऐकू येतं."

"मग शिकून राहिलाव कशाला?"

"नातीशी बोलायला."

"मग नातीला पाठवा की."

"तिला येते ती भाषा."

अंगदबाबूंनी तो रकाना दोनदा भरून पाहिला. मग प्रेमानं म्हणाले, "सर, मला तुमचं पटलंय, पर कम्प्युटर घेईना. तुमी असं करा, एकदा कान तपासून या. कायतरी निघंल. साठीच्या पुढं सगळ्यांचंच निघतंय."

मी लातूरला जाऊन कान तपासले. काचेच्या पेटीवजा खोलीत बसवून कानाला हेडफोन आणि हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. आता इथे एक खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं असतं. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हूं थांबला की गोष्ट थांबली. मी या हुंकारावर वाढलेला माणूस आहे. गावोगावच्या कार्यक्रमांत मी आधी श्रोत्यांकडून हूं म्हणवून घेतो आणि मगच तोंड उघडतो. तर हेडफोनमधून बारीक आवाज आला आणि मी म्हणालो, "हूं." पुन्हा आवाज, पुन्हा "हूं." तपासणारी मुलगी काचेवर टकटक करून बटण दाखवू लागली. तिलाही मी हूं म्हणालो. तपासणी तीनदा झाली. शेवटी कागदावर आलं: श्रवणशक्ती उत्तम.

दानम्मानं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"कान चांगले हायत म्हणलेत?"

"उत्तम म्हणलेत."

"मग इतकी वर्षं मी बोललेलं कुठं जाऊन राहिलंय?"

तिनं तो कागद चुंबकानं फ्रीजवर लावला. अजून तिथेच आहे. कार्यालयानं मात्र त्याच कागदाच्या आधारे माझा अर्ज नामंजूर केला. शेवटी मी वर्गाच्या शिक्षिका राजकन्या मॅडम यांना व्हॉट्सॲपवर साडेतीनशे शब्दांचं पत्र लिहिलं, त्यात भाषेचं महत्त्व आलं, आजोबा-नातवंडांच्या नात्याची महती आली. उत्तर आलं: "या. बसा. बोलू नका."

राजकन्या मॅडम मूळच्या लोह्याच्या, वयानं सव्वीस-सत्तावीस, आणि स्वतः कर्णबधिर. हे मला वर्गात गेल्यावर कळलं, म्हणजे मी उभं राहून दहा मिनिटं स्वतःचा परिचय करून दिल्यावर कळलं. त्या शांतपणे बघत होत्या. मी बसल्यावर त्यांनी मोबाइलवर लिहून दाखवलं: "छान. आता तेच हातानं." वर्गात सहा आया, एक रिक्षावाला बाप आणि मी. मला हातानं फक्त नमस्कार येत होता. तो मी केला.

या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. प्रश्न भुवयांत, नकार मानेत, राग नाकात. माझ्या गालात जेवणानंतरची सुपारी होती. मॅडमनी लिहिलं, "तुमचा अर्धा चेहरा सुपारी खातोय." मी त्या दिवसापासून दुपारची सुपारी सोडली. हे दानम्मा मला लग्नापासून सांगत होती, आणि तो फ्रीजवरचा कागद असल्यामुळे मला ऐकू आलं नाही असंही म्हणता येईना.

दुसऱ्या रविवारी कविता होती. माझाच विषय, म्हणून मी सरसावून बसलो. मॅडमनी लिहिलं की हाताच्या कवितेत यमक हाताच्या आकाराचं असतं. एकच आकार धरायचा आणि त्यातच सगळं सांगायचं. त्यांनी उघडा पंजा घेतला. तो पंजा सूर्य झाला. त्याचीच झाडाची पानं झाली, पानं हलली, गळून खाली आली, आणि तोच पंजा शेवटी झोपलेल्या लेकराच्या गालावर जाऊन टेकला. संपली कविता. मी एकतीस वर्षं पोरांना यमक, अनुप्रास पाठ करायला लावले होते, आणि ह्या पोरीनं पाच बोटांत मला रडवलं. मला इतकं भरून आलं की मी ते लगेच उभं राहून सगळ्यांना बोलून दाखवलं. मग मला वर्गाबाहेर उभं करण्यात आलं.

आता हत्तीला हातात आणायचं होतं. मूळ गोष्ट चाळीस मिनिटांची, त्यात पंधरा मिनिटं प्रस्तावना. मॅडम एकेका वाक्याला एकच प्रश्न विचारायच्या: "हे दिसतं का?" राजघराण्याची परंपरा दिसत नव्हती, ती गेली. सुभाषितं गेली. 'धीरगंभीर' गेलं, ते जाताना मला वाईट वाटलं. उरलं ते असं: हत्ती येतो. दरवाजात अडकतो. सगळे ओढतात, निघत नाही. एक पोर येते, ज्वारीचं कणीस घेऊन सोंडेत गुदगुल्या करते. हत्ती शिंकतो आणि सुटतो. दोन मिनिटं.

सरावाला माणूस हवा होता. गुरुबसप्पा अण्णा आपण होऊन पुढे आले. "हाताची भाषा? मास्तर, ती आमच्या मोंढ्यातली. त्या लोह्याच्या पोरीला काय इचारताव." पूर्वी मोंढ्यात आणि बैलबाजारात भाव ठरायचे ते रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून, चारचौघांना कळू नये म्हणून. ज्याला रुमालाखाली बोलता आलं त्याला कुठंबी बोलता येतंय, असं अण्णांचं म्हणणं. मग आम्ही रोज दिवेलागणीला त्यांच्या ओट्यावर बसू लागलो. मधे त्यांचं उपरणं, उपरण्याखाली दोघांचे हात, आणि हातांत माझा हत्ती. "साकू, साकू," अण्णा कानडीत बास म्हणायचे. "जोरात न्हाई दाबायचं. हत्ती आसला तरी हळूच दाबायचा."

पंधरा दिवसांच्या या साधनेचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की माझे हात छातीवरून उतरून पोटाशी आले आणि शर्टाच्या आडोशाला हलू लागले. राजकन्या मॅडमनी लिहिलं, "हात कुणापासून लपवताय?" दुसरा परिणाम मोठा होता. एक आडत्या आणि एक निवृत्त मास्तर रोज उपरण्याखाली हात घालून बसतात, याचा उदगीरमध्ये एकच अर्थ होतो. मास्तर घर विकून राहिले. दोन एजंट येऊन बाहेरून कंपाउंड मोजून गेले. समोरच्या सरजाबाई डोळे पुसत आल्या आणि जाताना, "तुमी चाललावच तर," म्हणून दारातल्या कढीपत्त्याचं झाड स्वतःसाठी सांगून ठेवून गेल्या. संध्याकाळी लातूरहून मुलाचा, वीरेशचा फोन.

"अप्पा, घर विकून राहिलाव म्हणं? मला सांगायचं तरी."

"अरे, घर कशाला विकू? मी हत्ती शिकून राहिलो."

"अप्पा, तब्येत बरी हाय न्हवं? आईकडं द्या फोन."

त्यातच एका ओळखीच्या गृहस्थांची शोकसभा झाली. दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. गेल्या कित्येक वर्षांत मी जागेपणी सलग दोन मिनिटं शांत राहिलेलो नाही. तोंड बंद झालं आणि हात आपोआप सुटले. हत्ती आला, डुलला, दरवाजात अडकला, शिंकलादेखील. डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. गेलेले गृहस्थ अंगानं भरदार होते, त्यामुळे घरच्यांनी फारच मनाला लावून घेतलं.

कार्यक्रमाला चार दिवस उरले तेव्हा मी मंजूला समोर बसवलं. हत्ती आला. मी थांबलो आणि तिच्या हूंची वाट पाहिली. काही नाही. हत्ती डुलला. थांबलो. काही नाही. दरवाजात अडकला. थांबलो. मंजू उठून पाणी प्यायला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि पाचव्या थांब्याला तिनं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी तिनं बसायलाच नकार दिला आणि लांबूनच मला हाताचं बदक करून दाखवलं.

मला खरंच वाईट वाटलं. आपल्याच घरातलं लेकरू, आणि जगाला गोष्टी सांगत हिंडणाऱ्या माणसाला त्या लेकराला दोन मिनिटांची गोष्ट सांगता येऊ नये. त्या रात्री मी दुसरी भाकरी घेतली नाही. दानम्मानं आदल्या दिवशीचा प्रकार मोबाइलवर उतरवून ठेवला होता. तिनं तो मला न विचारता राजकन्या मॅडमना पाठवून दिला. हे कळल्यावर मागोमाग मी हुंकाराची प्रथा सविस्तर लिहून कळवली आणि लेकरू हूं देत नाही अशी तक्रार केली.

उत्तर आलं: "देते. दर वेळी मान हलवते. तुम्ही तेव्हा पंख्याकडे बघता."

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. वाक्य संपलं की छताकडे बघून क्षणभर थांबायचं ही माझी मंचावरची जुनी लकब आहे, लोक तिला चिंतन समजतात. व्हिडिओत मी पंख्याचं चिंतन करत होतो आणि खाली ते लेकरू मान हलवत होतं. एकदा, दोनदा, चारदा. चार वेळा तिनं मला हूं दिला होता आणि मी एकही घेतला नव्हता. मॅडमच्या निरोपात खाली आणखी एक ओळ होती: "आणि ते बदक नाही. ते तुमचं नाव आहे." घरात तोवर सहा बदकं झाली होती.

पण मंजू आता मला दाद देईना. रविवारी सकाळी आम्ही तिघं लातूरच्या एसटीत बसलो ते असेच, ती एकटी मंचावर जाणार म्हणून. खिडकीशी मंजू, मधे मी, कडेला धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन दानम्मा. गाडी सुटली आणि काचा, पत्रे, सीटा सगळं एकदम वाजायला लागलं. कंडक्टर काय ओरडतोय ते कळेना. मी दानम्माला काहीतरी विचारलं, तिनं कानाला हात लावला. त्या अख्ख्या गाडीत नीट बोलता येत होतं ते फक्त मंजूला. ती माझ्या पोटावरून हात नेऊन आजीशी मजेत गप्पा मारत होती.

मी तिच्या गुडघ्याला हात लावला. तिनं पाहिलं. मी हत्ती आणला. ह्या वेळी छातीसमोर, चांगला मोठा, आणि नजर तिच्या तोंडावर. हत्तीनं सोंड उचलली ती पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या टोपीला लागली आणि टोपी खाली गेली. मंजूला ते गोष्टीतलंच वाटलं. ती हसली.

"काय चाललंय पावनं?" गृहस्थ मागं वळून ओरडले.

"गोष्ट हाय," दानम्मा त्यांच्या कानात ओरडली. "तुमी पुढं बघा."

मी वाक्य संपवून मंजूकडे पाहिलं. पण रस्ता असा, की गाडीत सगळ्यांच्याच माना हलत होत्या. आता ही मान म्हणजे हूं की खड्डा, हे ओळखायचं कसं? मंजूलाही ती अडचण कळली असावी. तिनं बोट पुढे केलं आणि माझ्या गुडघ्यावर टेकवलं. हूं. मी पुढचं सांगितलं. पुन्हा बोट. हूं. साठ वर्षांत मला इतके चोख हूं कुणी दिले नव्हते.

नळेगावला हत्ती दरवाजात अडकला. खरं तर तिथून पुढे एका मिनिटाचं काम होतं, पण मूळ स्वभाव जात नाही. सैनिकांनी ओढलं, बायकांनी ओढलं, मधे हत्तीला मी दोनदा जेवू घातलं. ओढता ओढता लातूर आलं आणि सगळी गाडी उठून दाराकडे लोटली. हात उचलायला जागा उरली नाही. मंजू माझा शर्ट ओढत होती: पुढं? सभागृहाच्या दारात बिल्ले, नोंदवही, ओळखीची माणसं, आणि तेवढ्यात तिचा नंबरच पुकारला. मंजूनं आजीकडे बघून भराभरा काहीतरी सांगितलं.

"डोळे मिटावं वाटलं न्हाई म्हणती," दानम्मा म्हणाली. "पर गोष्ट अख्खी झाली न्हाई. वर येऊन संपवा म्हणती."

असा मी मंचावर गेलो. पुढे काय व्हायला नको होतं तेच झालं. मंचावर दुभाष्यासाठी माइक होता. तो पाहिला आणि माझा हात आपोआप गेला. "नमस्कार मंडळी," मी म्हणालो. तीन चतुर्थांश सभागृहाला ते ऐकू गेलं नाही, ज्यांना गेलं त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. शिवाय एका हातात माइक, म्हणजे हत्तीला एकच कान. मी तसाच एककानी हत्ती चालवायला लागलो. तेव्हा मंजू आली, माझ्या हातातून माइक काढून घेतला, पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत आजीच्या हातात दिला आणि परत आली. सगळं सभागृह हसलं. एकतीस वर्षं जपलेली माझी प्रतिष्ठा आता दानम्माच्या मांडीवर, धपाट्यांच्या डब्यावर पडली होती.

मग मी दोन्ही मोकळ्या हातांनी सांगितलं. हत्ती आला. अडकला. सगळ्यांनी ओढलं. आता कणीस घेऊन पोर यायची होती. ती आली, पण मंजूच पुढे आली, आणि तिनं गोष्ट माझ्या हातातून काढून घेतली. तिनं अडकलेल्या हत्तीकडे बोट केलं आणि चोच उघडमीट केली, म्हणजे हत्तीला माझंच नाव दिलं. हा हत्ती बोलतो. बोलतो आणि फुगतो. आणखी बोलतो, आणखी फुगतो, म्हणून तर अडकलाय. सगळे ओढून दमलेत आणि हा बोलतोच आहे. मग एक लहान पोर येते. कणीस नाही, काही नाही. मंजूनं मला खाली वाकायला लावलं आणि तिचा इवलासा पंजा माझ्या तोंडावर ठेवला. हत्ती गप्प झाला. हत्ती बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि दरवाजातून चालत बाहेर आला.

मग ती माझ्याकडे बघत थांबली. कशासाठी ते मला कळलं. आयुष्यभर मी लोकांकडून हूं घेत आलो, कुणाला कधी दिला नव्हता. मी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं.

टाळ्यांचा आवाज आला नाही. कार्यक्रम पडला असं समजून मी मान खाली घातली, तर मंजूनं हनुवटीला धरून ती वर केली. सगळं सभागृह हात वर करून पंजे हलवत होतं; हाताच्या भाषेतल्या टाळ्या अशाच असतात. मागच्या भिंतीशी राजकन्या मॅडमही उभ्या होत्या, दोन्ही हात वर.

दुसऱ्या दिवशी शाळा, म्हणून मंजू लातूरलाच राहिली. निघताना तिनं मला दारात थांबवलं, चोच केली आणि नको म्हणून हवेतच पुसून टाकली. मग स्वतःचा हात नाकाशी धरून सोंडेसारखा हलवला आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. माझं नवीन नाव.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा रिकामी होती. काचा, पत्रे, सीटा सगळं तसंच वाजत होतं. मी बाहेर बघत बसलो. करमत नव्हतं. एवढ्यात माझ्या गुडघ्याला बोट लागलं. मी वळून पाहिलं. दानम्मानं डबा बाजूला ठेवला होता. तिनं हात नाकाशी धरून सोंड हलवली, मग चूल पेटवली, तिच्यावर पातेलं ठेवलं आणि पातेल्यात दूध ओतलं. एवढं करून ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी छताकडे बघितलं नाही. तिच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. ती पुढे सांगू लागली, आणि ती काही माझ्यासारखी दोन मिनिटांत आटपणारी नव्हती. नळेगाव मागे पडलं तरी दूध अजून तापतच होतं.